सूर, शास्त्र आणि समाज : अरबी संगीताच्या अभ्यासाची वाटचाल

मुसलमान आणि संगीत असा विषय निघाला की आपल्याकडे दोन विधाने हमखास ऐकू येतात. एक असे की इस्लाममध्ये संगीत हराम आहे, तेव्हा पुढे बोलण्याचे कारण नाही. दुसरे असे की कव्वाली, गझल, सतार, शहनाई हे सारे मुसलमानांनीच वाढवले, तेव्हा बंदीची भाषा करणारे अडाणी आहेत. पहिले विधान आपल्या घरातले वडीलधारे करतात, दुसरे आपले सुशिक्षित मित्र करतात. लग्नात डफ वाजवायचा की नाही, नातेची तर्ज सिनेमातल्या गाण्यावरून घ्यायची की नाही, मुलीला हार्मोनियम शिकवायची की नाही, असे प्रश्न आले की हे दोन्ही पक्ष समोरासमोर उभे राहतात आणि वाद मिटण्याऐवजी कटुता तेवढी वाढते.

या वादात निवाडा देण्याचा आमचा अधिकार नाही. तो उलेमांचा प्रांत आहे. आम्हाला येथे एवढेच पाहायचे आहे की ज्या अरब समाजात कुरआन अवतरले, ज्यांच्या भाषेत फिकहचे ग्रंथ लिहिले गेले, त्या समाजाने संगीताचे नेमके काय केले? त्यांनी ते गाईले, त्यावर आक्षेप घेतले, त्याचा बचाव केला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी संगीताचा अभ्यास केला. या अभ्यासाची परंपरा हजार वर्षांहून जुनी आहे आणि ती आपल्या वाचकांपर्यंत फारशी पोचलेली नाही, ही आमची खंत आहे.

हिजाजची भूमी

इस्लामपूर्व अरबस्तानात गाणे होते. उंटांचा काफिला हाकताना उंटाच्या पावलांच्या ठेक्यावर म्हटल्या जाणाऱ्या गीताला 'हुदा' म्हणत. श्रीमंतांच्या घरी आणि मद्यालयात गाणाऱ्या दासी असत, त्यांना 'कैना' म्हणत. पुढच्या काळात उलेमांनी गाण्यावर जो रोष धरला, त्यामागे मद्य, दासी आणि गाणे यांची ही जुनी सोबत होती, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आश्चर्याची गोष्ट अशी की अरबी कलासंगीताचा पहिला बहर आला तो मक्का आणि मदिना या शहरांत, हिजरी पहिल्या शतकात. इराण आणि शाम जिंकल्यानंतर त्या देशांतील माणसे कैदी, गुलाम आणि कारागीर म्हणून हिजाजमध्ये आली आणि आपले सूर बरोबर घेऊन आली. काबागृहाच्या पुनर्बांधणीवर काम करणारे इराणी गवंडी आपल्या भाषेत गात होते; मक्केच्या इब्न मिस्जहने ते सूर ऐकले, अरबी शब्दांवर बसवले आणि पुढे शाम व इराणमध्ये जाऊन तिथले संगीत शिकून आला, असे जुने ग्रंथ सांगतात. जे परके सूर अरबी कानाला रुचणार नाहीत ते त्याने वगळले, असाही उल्लेख येतो. म्हणजे घेणे आणि निवडणे या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून होत्या.

मदिनेत जमीला नावाची गायिका होती. ती मुक्त झालेली दासी. तिच्या घरी शिष्यांची रीघ असे आणि माबदसारखा मोठा गवई तिच्या हाताखाली तयार झाला. तुवैस, इब्न सुरैज, इब्न मुहरिज ही त्या काळातली इतर नावे. यांतले बहुतेक गुलामांच्या वंशातले, 'मवाली' म्हणवले जाणारे लोक होते.

ज्या रीतीने हदीस, त्याच रीतीने गाणे

अब्बासी काळात संगीताचे केंद्र बगदादला गेले. हारून अल-रशीदच्या दरबारात इब्राहीम अल-मौसिली (मृत्यू इ.स. ८०४) आणि त्याचा मुलगा इसहाक (इ.स. ७६७–८५०) यांचा दबदबा होता. इसहाक नुसता गवई नव्हता. तो भाषा, काव्य आणि फिकह यांचाही जाणकार होता. खलिफाच्या घरातले राजपुत्र इब्राहीम इब्न अल-महदी आणि त्याची बहीण उलैया हीसुद्धा गाणी रचत. इब्राहीम चालींत स्वातंत्र्य घेई, तर इसहाक जुन्या चालींना धक्का लावू नये म्हणे. घराण्याची शिस्त मोठी की गायकाची प्रतिभा मोठी, हा आपल्या मैफलींतला वाद बगदादमध्ये बाराशे वर्षांपूर्वी रंगला होता.

या साऱ्याची नोंद ठेवली ती अबुल फरज अल-इस्फहानी (इ.स. ८९७–९६७) यांनी. त्यांचा 'किताब अल-अगानी' म्हणजे गाण्यांचा ग्रंथ. आधुनिक छपाईत तो वीसहून अधिक खंडांचा होतो. हारून अल-रशीदच्या सांगण्यावरून निवडलेली शंभर गाणी हा त्याचा आरंभबिंदू. प्रत्येक गाण्यासाठी ग्रंथात 'सौत', म्हणजे आवाज, असा शब्द येतो. आधी काव्य, मग त्याचा ठेका कोणता, ऊदच्या कोणत्या तारेवर आणि कोणत्या बोटाने ते सुरू होते, मग कवीची हकिकत, मग गायकाची.

आमच्या वाचकांना यातली एक गोष्ट विशेष वाटेल. इस्फहानी प्रत्येक हकिकतीआधी 'इस्नाद' देतात. अमुक माणसाने मला सांगितले, त्याला अमुकाने सांगितले, अशी साखळी. हदीसच्या विद्वानांनी जी पद्धत सत्यासत्य पारखण्यासाठी घडवली, तीच पद्धत त्यांनी गवयांच्या गोष्टींना लावली. त्यांतल्या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत असे नव्हे. पण गाण्याची चाल कोणी बांधली हे नीट सांगितले पाहिजे, ज्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे, ही जबाबदारी त्या समाजाने मानली.

तारेवरचे गणित

दुसरीकडे तत्त्वज्ञ कामाला लागले होते. अल-किंदी (मृत्यू सुमारे इ.स. ८७३) यांचे संगीतावरील काही प्रबंध आज उपलब्ध आहेत आणि अरबी भाषेतील संगीतशास्त्राचे हाती आलेले सर्वांत जुने लेखन म्हणून ते मानले जातात. ग्रीक ग्रंथांची भाषांतरे झाली होती. त्यांचा आधार घेऊन त्यांनी ऊदच्या चार तारांचा संबंध चार ऋतू आणि शरीरातील चार प्रकृतींशी जोडला.

अल-फाराबी (मृत्यू इ.स. ९५०) यांनी मात्र या कल्पनांना फारसे महत्त्व दिले नाही. त्यांचा 'किताब अल-मूसीकी अल-कबीर' हा महाग्रंथ तारेवरच्या मोजमापावर उभा आहे. ते स्वतः वाद्य वाजवत. प्रत्यक्ष गाणे आधी आणि शास्त्र नंतर, हा त्यांचा विचार आजही ताजा वाटतो. काही चाली केवळ कानाला सुख देतात, काही मनात चित्रे उभी करतात, काही भावना जागवतात, अशी वर्गवारी त्यांनी केली. बगदादचा वादक जलजल ऊदवर मधल्या बोटाने एक वेगळा स्वर काढी. फाराबींनी त्याचे गुणोत्तर २७ : २२ असे दिले आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर हा स्वर कोमल आणि शुद्ध गांधार यांच्या मधोमध पडतो. आजही अरबी 'मकाम' ऐकताना आपल्या कानाला जो स्वर किंचित उतरल्यासारखा वाटतो, तो बेसूर नसून याच जातीचा स्वर असतो.

पुढे इब्न सीना यांनी आपल्या 'शिफा' ग्रंथात संगीताला जागा दिली. सफीउद्दीन अल-उर्मवी यांनी 'किताब अल-अदवार'मध्ये सप्तक सतरा भागांत मांडले आणि अक्षरांनी स्वर लिहिण्याची पद्धत वापरली. १२५८ साली मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केले, त्यातून हे सफीउद्दीन वाचले आणि हुलागूच्या पदरी राहिले. मात्र उतारवयात कर्जापायी त्यांना कैद झाली आणि १२९४ मध्ये त्या कैदेतच त्यांचा अंत झाला. पूर्वेकडचे संगीतशास्त्र ज्याच्या ग्रंथावर पुढे शतकानुशतके चालले, त्याची अखेर अशी झाली.

कष्टकऱ्यांचे आणि आजाऱ्यांचे संगीत

संगीत म्हणजे दरबार, असा समज या इतिहासावरून होऊ शकतो. तो दूर करतात बसऱ्याचे 'इख्वान अस-सफा'. दहाव्या शतकातील या विचारवंतांच्या मंडळाने बावन्न निबंध लिहिले, त्यांतला एक संगीतावर आहे. समाजात संगीत कुठे कुठे लागते याची ते यादीच देतात. प्रार्थनास्थळी मन कोमल व्हावे म्हणून, युद्धात धीर यावा म्हणून, लग्नात, मातमात, ओझी वाहणाऱ्या आणि नावा वल्हवणाऱ्या कामकऱ्यांचा शीण हलका व्हावा म्हणून, बाळ झोपावे म्हणून, उंट चालावेत म्हणून. इस्पितळात पहाटेच्या वेळी रुग्णांच्या वेदना सुसह्य व्हाव्यात म्हणून वाजवल्या जाणाऱ्या चालींचाही ते उल्लेख करतात.

चारशे वर्षांनंतर इब्न खल्दून (इ.स. १३३२–१४०६) यांनी 'मुकद्दिमा'मध्ये गायनकलेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यांची दृष्टी समाजशास्त्रज्ञाची आहे. पोटापाण्याच्या गरजा भागल्यावर, नागर जीवन पूर्ण बहरल्यावर, सर्वांत शेवटी गायनकला येते. आणि नागरी जीवन उतरणीला लागले की सर्वांत आधी हीच कला नाहीशी होते, असे त्यांचे निरीक्षण आहे. अंदलूसमध्ये जिर्याबने नेलेले संगीत शहरे पडत गेली तसे एका शहरातून दुसऱ्या शहरात आणि शेवटी मगरिबच्या किनाऱ्यावर कसे आले, याचा ते दाखला देतात. जिर्याब इ.स. ८२२ मध्ये बगदादच्या बाजूने कुर्तुबाला गेला. त्याच्याविषयीच्या कित्येक रंगतदार कथा आठशे वर्षांनंतरच्या अल-मक्करीच्या ग्रंथातून आल्या आहेत, म्हणून त्या जपून वाचाव्यात.

हलाल-हरामचा वाद

आता मूळ वादाकडे येऊ. संगीताला विरोध करणारे उलेमा सूरह लुकमानमधील 'लह्व अल-हदीस' या शब्दांचा आधार घेतात, हजरत इब्न मसऊद (रजि.) यांनी त्याचा अर्थ गाणे असा केल्याचे सांगितले जाते. बुखारीतील वाद्यांचा निषेध करणारी रिवायतही ते पुढे ठेवतात. परवानगी देणारे उलेमा बुखारीतीलच दुसरी घटना सांगतात. ईदच्या दिवशी हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरी दोन मुली गात होत्या; हजरत अबू बकर (रजि.) रागावले, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना गाऊ द्यावे असे म्हटले. इब्न अबिद्-दुन्या (मृत्यू इ.स. ८९४) यांनी निषेधाचा ग्रंथ लिहिला, तर अंदलूसच्या इब्न हज्म यांनी निषेधाच्या रिवायतींच्या सनदा कच्च्या ठरवल्या. इब्न तैमिया विरोधात उभे राहिले.

इमाम गजाली (इ.स. १०५८–११११) यांनी 'इह्या उलूम अद-दीन'मध्ये 'समा'वर सबंध प्रकरण लिहिले. गाणे सरसकट हराम किंवा सरसकट हलाल असे ते म्हणत नाहीत. कोण गातो, कोणते वाद्य, कोणते शब्द, ऐकणाऱ्याच्या मनात काय आहे, हे पाहा, असे ते सांगतात. मद्यपींच्या बैठकीची खूण बनलेली तंतुवाद्ये त्यांनी नाकारली, डफ चालू दिला. हा वाद पुढे हिंदुस्थानात आला. दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलिया यांना समाच्या प्रश्नावर दरबारात उत्तर द्यावे लागले. त्यांचे खलिफा हजरत बुरहानुद्दीन गरीब दख्खनमध्ये आले. खुलताबादला त्यांची दर्गाह आहे, आणि समाच्या प्रेमासाठी ते चिश्ती परंपरेत ओळखले जातात. म्हणजे बगदादमध्ये सुरू झालेल्या चर्चेचा एक धागा थेट औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यापर्यंत येतो.

आम्हाला यातून दिसते ते असे की दोन्ही बाजूंनी अभ्यास होता. विरोधकही ग्रंथ वाचून, सनद तपासून बोलत. आज मात्र एक चिठ्ठी किंवा मोबाईलवरची एक ओळ पुरेशी होते.

आणखी एक गोष्ट कटू असली तरी सांगितली पाहिजे. या समाजाने कलेला मान दिला, कलावंताला दिला नाही. हजार गाण्यांची धनीण म्हणून अरीबचे नाव घेतले गेले, पण तिची खरेदी-विक्री झाली. गाण्यावर पोट भरणाऱ्याची साक्ष काजीपुढे ग्राह्य नाही, असे अनेक फुकहांनी म्हटले. आपल्याकडच्या मिरासी आणि तवायफांच्या वाट्याला आलेले जिणे पाहिले की हा केवळ अरबांचा दोष नव्हता, हेही समजते.

कैरो, १९३२

आधुनिक काळात अभ्यासाची सूत्रे युरोपीय विद्वानांच्या हाती जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकात शाममधील मिखाईल मिशाका यांनी सप्तकाचे चोवीस समान भाग मांडणारा प्रबंध लिहिला. ट्युनिसियात राहणारे बॅरन रोडोल्फ देर्लांजे यांनी फाराबी, इब्न सीना, सफीउद्दीन यांचे ग्रंथ फ्रेंचमध्ये आणण्याचा प्रकल्प हाती घेतला; त्यांच्या मृत्यूनंतर सहकारी मन्नूबी अस-सनूसी यांनी तो पुढे नेला. १९३० ते १९५९ या काळात त्याचे सहा खंड निघाले.

१९३२ च्या मार्च महिन्यात इजिप्तचे राजे फुआद यांच्या आश्रयाखाली कैरोत अरबी संगीताची परिषद भरली. इजिप्त, इराक, शाम, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिसिया येथून कलावंत आले. युरोपातून बेला बार्तोक, पॉल हिंडमिथ, कुर्ट सॅक्स, रॉबर्ट लाखमान, हेन्री फार्मर आले. सात समित्या बसल्या. तिथे एक उलटा प्रकार घडला. अनेक इजिप्शियन प्रतिनिधींना पियानो हवा होता, समान चोवीस स्वर हवे होते, कारण त्यांना आपले संगीत आधुनिक करायचे होते. युरोपातील पाहुण्यांपैकी अनेकजण म्हणत होते, पियानो आणू नका, तुमचे सूर मरतील. स्वरांच्या प्रश्नावर एकमत झाले नाही. पण त्या परिषदेत साडेतीनशेहून अधिक ध्वनिमुद्रणे झाली, आणि तीच तिची खरी कमाई ठरली.

इराकच्या संघाचे गायक होते मुहम्मद अल-कुब्बांजी. ते मुसलमान, त्यांच्या साथीचे वादक जवळजवळ सारे बगदादचे यहुदी. इराकी मकाम या दोघांचा मिळून होता. पुढे बगदाद रेडिओच्या वाद्यवृंदाची उभारणी सालेह आणि दाऊद अल-कुवैती या यहुदी बंधूंनी केली. १९५०–५१ मध्ये एक लाखाहून अधिक यहुदींना इराक सोडावा लागला. हे बंधूही १९५१ मध्ये इस्राएलला गेले. त्यांची गाणी इराकात गाईली जात राहिली, पण त्यांची नावे गाळण्यात आली. इस्फहानींनी एकेका चालीचा कर्ता साखळीने नोंदवला होता. त्याच बगदादमध्ये एक हजार वर्षांनी कर्त्याचे नाव खोडले गेले. राजकारणाने देश सोडायला लावला, हे दुःख आहेच. पण नावे पुसणे हा विद्येशी केलेला द्रोह होता, असे आम्हाला वाटते.

रेडिओ, मशीद आणि मोत्यांच्या होड्या

३१ मे १९३४ रोजी इजिप्तचा सरकारी रेडिओ सुरू झाला. आरंभ झाला तो शेख मुहम्मद रिफअत यांच्या कुरआन पठणाने. पुढे याच रेडिओवरून दर महिन्याच्या एका गुरुवारी उम्म कुल्सूम यांची मैफल अरब जगात ऐकली जाऊ लागली. त्या खेड्यातल्या इमामाची मुलगी. लहानपणी वडिलांबरोबर मुलाच्या वेषात धार्मिक गीते गात. त्यांचे अरबी उच्चार स्वच्छ होते, याचे कारण लोक त्यांच्या कुरआनच्या तालमीत शोधत. शेख सय्यद दर्वीश, शेख जकारिया अहमद या संगीतकारांच्या नावामागचा 'शेख' हा शब्दही हेच सांगतो की त्यांचे शिक्षण मक्तबातून सुरू झाले होते. १९६७ च्या पराभवानंतर उम्म कुल्सूम यांनी देशोदेशी मैफली करून मिळालेले पैसे इजिप्तला दिले. ३ फेब्रुवारी १९७५ रोजी त्या गेल्या, तेव्हा कैरोचे रस्ते माणसांनी भरून गेले.

कुरआन पठणाला मात्र कोणी संगीत म्हणत नाही, आणि त्यामागे विचार आहे. लुईस लामिया अल-फारूकी या विदुषींनी १९८५ मध्ये दाखवले की 'मूसीकी' हा अरबी शब्द आपण समजतो तितका व्यापक नाही. किरात आणि अजान त्याच्या बाहेर राहतात. उतरंडीत त्यांचे स्थान सर्वांत वर, आणि विषयवासनेशी जोडलेले गाणे सर्वांत खाली. मधल्या पायऱ्यांवर वाद. संगीत हलाल की हराम, असा एकाच शब्दात प्रश्न विचारला की उत्तर का सापडत नाही, ते यावरून कळते.

आमच्या मुंबईचाही या इतिहासात वाटा आहे. कुवेतचे अब्दुल्ला अल-फरज हे एकोणिसाव्या शतकातील व्यापाऱ्याचे पुत्र मुंबईत वाढले, येथेच त्यांनी संगीत आत्मसात केले आणि पुढे कुवेतला परतले. आखाताच्या 'सौत' या गानप्रकाराला आकार देण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. अगानी ग्रंथातला जुना शब्द आखाताच्या किनाऱ्यावर पुन्हा भेटतो, तोही मुंबईमार्गे! आखाती मोती त्या काळी मुंबईच्या बाजारात येत. ते मोती काढणाऱ्या होड्यांवर 'नह्हाम' नावाचा गाणारा पगार देऊन ठेवलेला असे. त्याच्या सुरावर वल्ही आणि दोर चालत. बहारीनच्या या 'फिजिरी' गीतांची युनेस्कोने २०२१ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद घेतली. कोकणातून आखातात कामाला गेलेल्या आमच्या बांधवांनी हे सूर ऐकले असतील. त्यांत आपल्या बंदराचाही अंश आहे, हे त्यांना ठाऊक असावे.

आज

२०१५ मध्ये बगदादच्या मन्सूर भागात बॉम्बस्फोट झाला. त्या राखेत खुर्ची टाकून करीम वस्फी या वादकाने चेलो वाजवला. त्याच वर्षी लिबियात आयसिसने वाद्ये जाळल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. २०२० मध्ये सौदी अरबस्तानात सरकारी संगीत आयोग स्थापन झाला. एकाच अरब जगातल्या या तीन घटना. एवढे होऊनही वाद संपलेला नाही, आणि तो संपावा अशी आमची अपेक्षाही नाही. गजालींच्या काळातही तो होता.

आमची अपेक्षा वेगळी आहे. आपल्या मदरशांत, वाचनालयांत आणि मराठीतून लिहिणाऱ्या आपल्या अभ्यासकांत या इतिहासाची ओळख वाढावी. ज्याला संगीत नको, त्याने इब्न अबिद्-दुन्या वाचून नको म्हणावे. ज्याला हवे, त्याने गजाली वाचून कोणते आणि कशासाठी, हे स्वतःला विचारावे. आणि आपल्या वस्तीत सनई, ताशा किंवा कव्वालीवर पोट भरणारी जी घरे आहेत, त्यांच्याकडे पाहण्याची आपली नजर बदलावी. त्यांच्या वडिलांची नावे, त्यांच्या चाली, त्यांच्या उस्तादांच्या साखळ्या आज लिहून ठेवणारा कोणी नसेल, तर उद्या त्या विचारायला गेलो तरी सांगणारा कोणी उरणार नाही. इस्फहानींचे काम आपल्या गावापुरते का होईना, कोणीतरी हाती घ्यावे.